तिकलला आराखडा होता की नव्हता? (माया नगररचनेबद्दल एक बाळबोध शंका)

उंडगा

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

जानेवारीत आई-बाबा इकडे ह्यूस्टनला आले होते. सगळे मिळून ग्वातेमालातल्या तिकल या मायांच्या प्राचीन शहराला जाऊन आलो. फ्लोरेस गावात मुक्काम, पहाटे तीनला व्हॅन, आणि मग चौथ्या देवळाच्या (तिथली देवळं क्रमांकानेच ओळखतात) माथ्यावर काळोखात बसून सूर्योदयाची वाट. सूर्य काही दिसला नाही, दाट धुकं होतं. हाउलर माकडं ओरडायला लागली तेव्हा आईने माझा दंड असा आवळला की वळ उठला. मग धुकं विरत गेलं तसे जंगलाच्या शेंड्यांतून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या देवळांचे तुरे वर आले. फोटो नंतर टाकतो, इथे चढवायला जमत नाहीयेत.

शंका अशी. खाली उतरून फिरायला लागल्यावर माझा पार गोंधळ उडाला. नकाशा हातात असून तीनदा चुकलो. दोन वर्षांपूर्वी मेक्सिकोत तेओतिवाकान हे प्राचीन शहर पाहिलं होतं. तिथे एक सरळसोट हमरस्ता, दोन्ही बाजूंना इमारती, आंधळासुद्धा चुकणार नाही. तिकलचा मुख्य चौक कळतो: पूर्वेला पहिलं देऊळ, समोर पश्चिमेला दुसरं, उत्तरेला देवळांचा तो उंच ओटा, दक्षिणेला राजवाडे. पण त्यापलीकडे सगळं विस्कटलेलं वाटतं. इथे एक पिरॅमिड, तिथे एक चौथरा, कुणाचं तोंड कुठे. गल्ल्या नाहीत, पेठा नाहीत, मध्ये नुसतं जंगल. रुंद रस्ते आहेत चार (मालेर, मॉडस्ले, तोझर आणि मेंदेस, ही नावं अर्थातच अलीकडच्या शोधकांची), पण तेही एकमेकांशी कसल्याही कोनात जातात.

म्हणजे आराखडा होता का? की जो राजा आला त्याने जागा दिसेल तिथे बांधलं?

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना देवळांपेक्षा जमिनीतच जास्त रस. मुख्य चौकात अर्धा तास खाली मान घालून फिरत होते. असो.

तिरकस

जागा दिसेल तिथे बांधणे यालाच विकास आराखडा म्हणतात. आमच्या उपनगरात या, दाखवतो.

झोपाळू

मस्त. व्हिसाचं कसं केलंत? आई-बाबांचा वेगळा काढावा लागला का?

गवंडी_नंबर_दोन

तीस वर्षं बांधकामात आहे, त्यामुळे राहवत नाही. जरा लांबेल.

उंडगा, तुमची चूक एकच झाली. तुम्ही इमारती बघितल्यात. रिकामी जागा बघायची होती. माया नगररचनेचा मूळ घटक रस्ता नाहीच, चौक आहे. साध्या शेतकऱ्याचं घर घ्या: मातीचा-दगडाचा बसका ओटा, त्यावर झावळ्यांची झोपडी, अशा तीन-चार झोपड्या एका अंगणाभोवती. बापाची, भावाची, मुलाची, एक स्वयंपाकाची. घरातलं माणूस गेलं की बहुतेक वेळा त्याच अंगणात किंवा ओट्याखाली पुरायचं, आणि वर ओटा आणखी उंच करायचा. आता हेच चित्र दहापट, शंभरपट मोठं करा. झोपडीच्या जागी दगडी देऊळ, ओट्याच्या जागी पिरॅमिड, पुरलेल्या आज्याच्या जागी राजा. झाला तुमचा मुख्य चौक. पहिल्या देवळाच्या माथ्यावरची खोली नीट बघितलीत तर ती झोपडीच आहे, दगडात बांधलेली.

उत्तरेकडच्या ओट्याचंही तेच. तो एका दमात बांधलेला नाही. ख्रिस्ताच्या आधीपासून शतकानुशतकं एकावर एक चढवत नेलाय. जुनं देऊळ पाडायचं नाही, भरावात गाडायचं आणि त्याच्या डोक्यावर नवं. चौकाची फरशीसुद्धा चार वेळा चुन्याने नव्याने केलेली सापडली आहे. म्हणजे तुम्ही उभे होतात ती जमीन चौथ्या मजल्याची समजा.

आता खोल्यांबद्दल. राजवाड्यांच्या खोल्या आगगाडीच्या डब्यासारख्या लांबट अरुंद का, हा प्रश्न पडला असेलच. त्यांच्याकडे खरी कमान नव्हती. दोन्ही भिंतींतून एकेक थर थोडा थोडा पुढे काढत न्यायचा, वर फट उरली की एक चपटा दगड टाकून बंद. आपल्याकडच्या जुन्या देवळांत करोटक छत असतं, तत्त्व तेच. अंबरनाथच्या सभामंडपात मान वर करून बघा, थर पुढे सरकत गेलेले दिसतील. फरक इतकाच की आपण ते गोल फिरवलं आणि खाली खांब दिले. यांनी लांब बोगद्यासारखं ठेवलं. त्यामुळे लांबी हवी तेवढी, रुंदी मात्र जेमतेम अडीच-तीन मीटर. आणि वरचा बोजा पेलायला भिंती इतक्या जाड की कधीकधी खोलीपेक्षा भिंतच रुंद. म्हणूनच माणसं जमायची ती बाहेर. चौक हाच त्यांचा दिवाणखाना.

शेजारीण

गवंडीकाका, दंडवत. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

"आगगाडीच्या डब्यासारख्या" वाचून आमची चाळ आठवली. भिंती मात्र इतक्या बारीक की पलीकडे कुणी कुस पालटली तरी कळायचं.

सनातन_सत्य

आश्चर्य वाटतं की इतक्या सुशिक्षित लोकांना नावातच उत्तर दिसत नाही. माया म्हणजे मय. मयासुराने पांडवांना मयसभा बांधून दिली, मग पाताळात गेला. भारताच्या बरोबर खाली कोण आहे? गोल पृथ्वीवर बघा. पाश्चात्त्य हे सांगणार नाहीत.

रात्रपाळी

मयासुर आले. मी चौथ्या प्रतिसादाची पैज लावली होती, पाचवा निघाला. चहा माझ्याकडून.

पाटीपेन्सिल

@सनातन_सत्य, गोल पृथ्वीवरच बघितलं. मुंबईच्या बरोबर उलट बाजूला पॅसिफिक महासागराचं पाणी येतं. ग्वातेमाला उत्तर गोलार्धात आहे, आपल्यासारखाच.

दुसरं, तिकलच्या लोकांना आपण "माया" आहोत हे ठाऊकच नव्हतं. हा शब्द उत्तरेकडच्या युकातान भागातला, तिथे स्पॅनिश लोकांच्या कानावर पडला आणि पुढे सरसकट सगळ्यांना चिकटला. तिकलचे राजे आपल्या राज्याला "मुतुल" म्हणायचे, शिलालेखांत त्याचं चिन्हच आहे, मागे बांधलेल्या केसांच्या अंबाड्यासारखं दिसतं. आता मुतुलवरून मुतालिक काढू नका म्हणजे झालं.

तिरकस

मुतालिक आमच्या सोसायटीत आहेत. विचारून सांगतो.

आकाशकंदील

आराखडा होता की नाही याचं उत्तर मी आकाशाच्या बाजूने देतो.

तिकलपासून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर वाशाक्तून आहे. (नावाची गंमत: ते मायांचं नाहीच. १९१६ मध्ये मॉर्ली नावाच्या संशोधकाला तिथे आठव्या बाक्तूनातली (बाक्तून म्हणजे माया पंचांगातला चारशे वर्षांना थोडा कमी असा काळ) तारीख कोरलेला स्तंभ सापडला, म्हणून त्याने माया भाषेतले शब्द जोडून "आठ-दगड" असं नाव ठेवलं. उच्चार वॉशिंग्टनच्या जवळ जातो हा त्याचा विनोद.) तिथल्या ई गट नावाच्या इमारतींच्या समूहात पश्चिमेला एक बुटका पिरॅमिड आणि समोर पूर्वेला एका लांब ओट्यावर तीन छोटी देवळं आहेत. १९२४ मध्ये फ्रान्स ब्लोम या संशोधकाच्या लक्षात आलं की पिरॅमिडवरून बघितलं तर उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी सूर्य उत्तरेकडच्या देवळाच्या कडेला उगवतो, हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी दक्षिणेकडच्या देवळाच्या कडेला आणि दिवस-रात्र समान असताना मधल्याच्या मागून. पुढे असे "ई गट" डझनांनी सापडले. तिकललाही आहे, "मुंदो पेर्दिदो", म्हणजे हरवलेलं जग, असं ज्याला म्हणतात तिथे. तिकलमधल्या सगळ्यात जुन्या बांधकामांत तो मोडतो.

लगेच "माया लोकांच्या वेधशाळा" म्हणून नाचायला नको. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी हे कोन काटेकोर जुळत नाहीत. माझं मत असं की वेध घेण्यापेक्षा ऋतू बदलल्याचा सोहळा करायला ही जागा असावी. आपण संक्रांत करतो तेव्हा दुर्बीण लावून करतो का?

गवंडी_नंबर_दोन

@आकाशकंदील, जोड-पिरॅमिडांचं लिहा की. आराखड्याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

आकाशकंदील

लिहितो, जेवून आलो.

तिकलमध्ये एक खास प्रकार आहे, बाहेर फारच कमी ठिकाणी दिसतो. माया पंचांगात ७२०० दिवसांचा, म्हणजे वीस वर्षांना थोडा कमी असा एक काळ आहे, कातून. तिकलच्या राजांनी कातून संपला की त्याच्यासाठी एक अख्खा नवा चौक बांधायची रीत पाडली. साचा ठरलेला. पूर्वेला आणि पश्चिमेला एकेक सपाट माथ्याचा पिरॅमिड, दोन्ही सारखे, चारही बाजूंना पायऱ्या, वर देऊळ नाही. दक्षिणेला नऊ दारांची लांब इमारत. उत्तरेला भिंतींचं एक आवार, वर छप्पर नाही, आत राजाचा कोरीव स्तंभ आणि पुढ्यात गोल वेदी.

आता चौकाच्या मधोमध उभं राहा. सूर्य पूर्वेच्या पिरॅमिडमागून वर येतो आणि पश्चिमेच्या मागे उतरतो. दक्षिणेची नऊ दारं म्हणजे पाताळाचे नऊ देव, असं मानतात. उत्तर म्हणजे वर, आकाश, पूर्वज. राजा तिथे, उघड्या आभाळाखाली. म्हणजे विश्वाचा नकाशाच जमिनीवर मांडलाय आणि त्यात राजाने स्वतःची जागा आकाशात ठेवलीय. ही मांडणी वेंडी अ‍ॅशमोर या पुरातत्त्वज्ञ बाईंची. ७११, ७७१, ७९० या सालांचे असे चौक आजही ओळखू येतात. उंडगा, प्रवेशद्वाराकडून येताना क्यू आणि आर गट लागले असतील, ते हेच.

दर वीस वर्षांनी एकच साचा, तोही नव्या जागी. ज्याच्याकडे आराखडा नाही तो असं करेल का?

उंडगा (धागाकर्ता)

अरेच्चा! क्यू गटात आम्ही बसून संत्री खाल्ली. त्या बिनछपराच्या आवारात आईने सालं कुठे टाकायची म्हणून कोपरा शोधला होता. (टाकली नाहीत, पिशवीत आणली. आधीच सांगतो.) कुठल्या भग्न घराच्या भिंती असाव्यात असं मला वाटलं होतं.

रात्रपाळी

आणि २०१२ चं जगबुडीचं ते काय झालं? मी एक ईएमआय थांबवला होता.

आकाशकंदील

तेरावा बाक्तून संपून चौदावा लागला. गाडीचं मीटर ९९९९९ वरून पुढे गेलं म्हणून गाडी फुटत नाही. बँकेला दंड भरला असेल अशी आशा.

डहाणूची_वाडी

स्थापत्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण लाकडाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

त्या देवळांच्या दारांवरच्या तुळया चिकूच्या लाकडाच्या आहेत! आपल्या डहाणू-घोलवडचा चिकू, ज्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय, तो मूळचा तिकडचाच. तिकडे त्याला सापोते म्हणतात. लाकूड इतकं घट्ट आणि जड की वाळवी दातच लावत नाही. बाराशे-तेराशे वर्षं त्या दमट जंगलात त्या तुळया टिकल्या, काहींवर राजाचं कोरीव चित्र जसंच्या तसं. चौथ्या देवळातल्या सगळ्यात सुंदर तुळया मात्र १८७७ मध्ये बर्नुली नावाच्या स्विस माणसाने काढवल्या, आता बाझेलच्या संग्रहालयात आहेत. आमच्याकडे जुनं चिकूचं झाड पाडलं तेव्हा करवतवाला दोनदा पातं बदलून गेला आणि मजुरी दीडपट मागितली. दगडी हत्याराने हे ओंडके तासणाऱ्यांना काय मजुरी मिळत असेल!

आणि चिकूला चीर दिली की जो पांढरा चीक येतो तोच पूर्वी च्युइंगगमला जायचा. तो गोळा करणारे लोक पेतेनच्या (तिकल आहे त्या भागाच्या) जंगलात महिनोन्‌महिने हिंडायचे, कितीतरी पडकी शहरं त्यांनीच संशोधकांना दाखवली. वाशाक्तून गाव असंच चीक गोळा करणाऱ्यांच्या तळावर वसलं.

शेजारीण

वाडीताई, हे भारी आहे. आता चिकू खाताना दाराची तुळई आठवणार.

पाटीपेन्सिल

डहाणूताईंना पुस्ती. तिकलच्या लाकडांचा अभ्यास झालाय. त्यात दिसतं की चौथं देऊळ होईपर्यंत, म्हणजे ७४१ च्या सुमारापर्यंत, लांब सरळ चिकूचे ओंडके वापरले. नंतरच्या बांधकामांत कमी दर्जाचं, वेडंवाकडं वाढणारं लॉगवुड. म्हणजे जाड चिकू संपत आला होता. शिवाय चुना! एवढ्या चौकांना, देवळांना गिलावा द्यायचा तर चुनखडी भाजायला किती सरपण लागत असेल याची कल्पना करा. कुणाला चुनाभट्टी कशी चालते माहीत असेल तर लिहा.

तिरकस

चुनाभट्टीला मी रोज लोकलमधून उतरतो. सरपणाचं दिसलं नाही कधी.

बारव

उशिरा आलो. धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर आहे आणि कुणी बघितलं नाही. उंडगा, तुमचे वडील अर्धा तास खाली मान घालून फिरत होते ना? त्यांना काय दिसलं ते आधी विचारा. मग मी लिहितो.

उंडगा (धागाकर्ता)

आत्ताच फोन केला. बाबा साताऱ्याला परत गेलेत, तिथे सकाळचे सहा वाजलेत, पण ते उठलेलेच असतात. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं:

"अरे, मी तुला तिथेच सांगत होतो, तू फोटो काढत होतास. चौक सपाट नाहीये. उतार दिलाय. मी बाटलीतलं पाणी ओतून बघितलं, तर एकाच दिशेला गेलं. एवढं मोठं पक्कं अंगण, चुन्याचा गिलावा, झिरपायला जागा नाही. म्हणजे पावसाचं सगळं पाणी खाली त्या खळग्यात जाणार. तो खळगा म्हणजे तलाव आहे, त्याला झाडी माजलीय म्हणून तुम्हाला खड्डा वाटला. हे देवस्थान नाही रे, हे पाणलोट क्षेत्र आहे."

रखवालदाराने त्यांना पाणी ओततानाच हटकलं होतं, ते आत्ता कळलं. ते हिंदीतून त्याला समजावत होते आणि तो स्पॅनिशमधून ऐकत होता.

बारव

काकांना साष्टांग. बरोबर तेच.

तिकलला नदी नाही. झरेही नाव घेण्यासारखे नाहीत. खाली चुनखडीचा दगड, पाणी पडलं की गायब. वर्षातले चारेक महिने पाऊस नाहीच म्हणा. अशा जागी, उंचवट्यावर, शहर. पुरातत्त्वज्ञ "तिकल" या नावाचाच अर्थ "पाणवठ्यापाशी" असा लावतात.

आता आराखडा असा वाचा. सगळ्यात उंचावर देवळं आणि चौक, गिलावा केलेले. ते छपरासारखं काम करतात. पाणी उतरून मधल्या तलावांत: देवळाचा तलाव, राजवाड्याचा तलाव. राजवाड्याच्या तलावाचा बंधारा साधारण ८० मीटर लांब आणि १० मीटर उंच आहे, दगड, मुरूम आणि मातीचा. तुम्हाला कसल्याही कोनात जातात असं वाटलेल्या काल्साडा, म्हणजे ते रुंद रस्ते, काही ठिकाणी घळी अडवून बंधाऱ्याचंही काम करतात. कोन रस्त्याने नाही ठरवला, डोंगराच्या सोंडेने ठरवला. कोरिएन्ताल नावाचा खालचा एक तलाव आहे, त्यात २०२० मध्ये जाहीर झालेल्या संशोधनानुसार झिओलाइट नावाचं खनिज आणि स्फटिकाची वाळू सापडली. ती त्या जागची नाही, तीसेक किलोमीटरवरून आणलेली. पाणी गाळायला. झिओलाइट आजही पाणी शुद्ध करायला वापरतात. आणि हे दोन हजार वर्षांपूर्वीचं.

आता कडू भाग. त्याच वर्षी दुसरा अभ्यास आला. राजवाड्याच्या आणि देवळाच्या तलावांच्या गाळात पारा मिळाला, आणि विषारी शेवाळाचे अंश. पारा कुठून? देवळांना, वाड्यांना लाल रंग द्यायचे, त्यात हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज, असायचा. पावसात रंग धुऊन निघाला की तो त्याच उतारावरून त्याच तलावात. उतार इतका चोख दिला होता की विषही वाया गेलं नाही. तिकलचा शेवटचा तारखेचा स्तंभ ८६९ चा आहे. त्या शेवटच्या शतकात दुष्काळ होते, लढाया होत्या, आणि राजवाड्यातल्या माठात हे पाणी.

शेजारीण

बाप रे. शेवटचं वाक्य वाचून मी उठून फिल्टर बघून आले.

सनातन_सत्य

पारा रसशास्त्रात शुद्ध करून वापरतात. त्यांना विधी माहीत नसावा. यावरूनच सिद्ध होतं की

रात्रपाळी

वाक्य अर्धवट राहिलं. नेट गेलं की मयासुर आला?

संपादक मंडळ

या उपचर्चेतले तीन प्रतिसाद काढले आहेत. विषयाला धरून लिहा.

पाटीपेन्सिल

बारव यांचं सगळं मान्य. पण धागा आता पाण्यातच बुडतोय, म्हणून थोडं राजांकडे वळवतो. आराखडा होता म्हटलं की कुणा एकाच्या डोक्यातून निघाल्यासारखं वाटतं. तसं नाही. प्रत्येक राजा आधीच्यांच्या बांधकामाला उत्तर देत होता.

पहिलं देऊळ हासाव चान काविल या राजाचं. गादीवर आला ६८२ मध्ये. त्याआधीचं शतक-सव्वाशतक तिकलची अवस्था वाईट, शत्रू शहर कलाकमूल जोरात. याने ६९५ मध्ये कलाकमूलला हरवलं. त्याचे पूर्वज सगळे उत्तरेच्या ओट्यात पुरलेले. त्या रांगेत न जाता याचं थडगं चौकाच्या पूर्वेला, सूर्य उगवतो त्या बाजूला झालं, आणि त्यावर ४७ मीटर उंच देऊळ उभं राहिलं. समोरचं दुसरं देऊळ ३८ मीटर, त्याच्या राणीशी जोडतात. म्हणजे चौकाला नवीन अक्षच दिला. आधी चौक उत्तरेकडे बघायचा, आता पूर्व-पश्चिम बघू लागला. मुलाने तर चौथं देऊळ थेट पश्चिमेच्या टोकाला बांधलं, सुमारे ६५ मीटर. बापाच्या चौकात जागा नव्हती असं नाही, लांबून दिसायला हवं होतं.

आणि एक दुखरी गोष्ट. १९५६ ते १९७० पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने तिकल खणलं. अफाट काम, आपण जे बोलतोय त्यातलं निम्मं त्यांच्यामुळे. पण उत्तरेच्या ओट्यासमोर ३३ क्रमांकाचं मोठं देऊळ होतं, ते त्यांनी आतलं बघायला वरपासून खालपर्यंत उतरवलं. आतून जुनी देवळं निघाली, आणि एकात जपून पुरलेला ४४५ सालचा ३१ क्रमांकाचा स्तंभ, ज्यावर तेओतिवाकानच्या लोकांच्या ३७८ मधल्या आगमनाची हकीकत आहे. तो नसता तर इतिहास निम्मा कळला नसता. पण एक अख्खं देऊळ गेलं. तुम्ही काय केलं असतंत?

गवंडी_नंबर_दोन

मी नसतं उतरवलं. बोगदा खणला असता. कोपानला (होंडुरासमधलं माया शहर) तसंच केलं, रोसालिला नावाचं गाडलेलं देऊळ रंगासकट आत उभं आहे आणि वरचंही शाबूत.

पाटीपेन्सिल

कोपानचं काम नंतरचं. तोवर शिकले होते. आणि ३३ चं माथ्याचं बांधकाम आधीच ढासळलेलं होतं म्हणतात. मी अजून ठरवू शकलेलो नाही.

गवंडी_नंबर_दोन

ढासळलेलं सावरतात हो. त्यालाच आमच्या धंद्यात काम म्हणतात.

झोपाळू

सगळं वाचलं, उत्तम धागा. व्हिसा?

अर्धी_चड्डी

मोबाईलवरून टंकतोय, चूकभूल देणेघेणे. तेओतिवाकानचा विषय निघालाच आहे तर: उंडगा, तुम्ही सुरुवातीला म्हणालात की ते सरळ आणि हे विस्कटलेलं. गंमत म्हणजे तेओतिवाकानचा एक तुकडा तिकलमध्येच आहे. मुंदो पेर्दिदोच्या दक्षिणेला झाडीत काही टेकाडं होती, सगळे नैसर्गिक समजत होते. विमानातून लेझरने जमीन मोजली तेव्हा आकार दिसला आणि खणल्यावर २०२१ मध्ये जाहीर झालं की तेओतिवाकानच्या किल्लेवजा चौकाची ती लहान प्रतिकृती आहे. म्हणजे तिकलवाल्यांना काटकोनी रचना माहीत होती. डोळ्यासमोर होती.

त्याच लेझर मोजणीतून २०१८ मध्ये पेतेनच्या दोन हजारांहून जास्त चौरस किलोमीटरमध्ये साठ हजारांवर बांधकामं मोजली गेली. तुम्ही "मध्ये नुसतं जंगल" म्हणालात ना, त्या जंगलात घरं, बांध, शेतं, रस्ते आहेत. चालताना पायाखाली असतात, दिसत नाहीत.

आणि अजून एक, कुणी "माया लोक काटकोनी शहर बांधतच नसत" असं लिहायच्या आधी: तुम्ही फ्लोरेसला राहिलात. त्याच तळ्याच्या पश्चिम काठावर निश्तून-चिच नावाची जागा आहे. सरळ रस्त्यांचा जाळीदार आराखडा. मायांचाच. ख्रिस्तपूर्व ५०० च्या आगेमागे. तिकलच्या चौथ्या देवळाच्या हजारभर वर्षं आधी.

उंडगा (धागाकर्ता)

म्हणजे व्हॅन पकडायला पहाटे तीनला उठलो त्या हॉटेलपासून तळ्याच्या पलीकडे माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर होतं! हॉटेलात विचारलं असतं तर... नाही, तिथे फक्त कयाकचे दर विचारले.

आता माझ्या डोक्यात जे बसलंय ते सांगतो, चुकलं तर सांगा. काटकोन येत होता, पण या टेकडीवर तो लावला असता तर पाणी हुकलं असतं. म्हणून जमिनीचा उतार पहिला, त्यावर दिशा, आणि मग ज्याच्या त्याच्या बापजाद्यांची थडगी. मला रस्ते सापडत नव्हते कारण मी चालण्यासाठी शोधत होतो.

बारव

बरंचसं बरोबर. फक्त पाणी पहिलं की पूर्वज पहिले यावर तुम्ही, गवंडी आणि मी एका चहाला बसलो तर संध्याकाळ होईल.

गवंडी_नंबर_दोन

पूर्वज. ओटा आधी, गटार नंतर. गेली तीस वर्षं हेच बघतोय.

बारव

म्हणूनच दर पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी.

तिरकस

+१

उंडगा (धागाकर्ता)

बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. झिओलाइटपाशी थांबवून दोनदा वाचायला लावला. देवळांबद्दल काही बोलले नाहीत. एवढंच विचारलंय: "तलाव म्हटला की गाळ आला. तो काढायचं काम कुणाकडे होतं, राजाच्या माणसांकडे की आळीआळीने? आणि काढलेला गाळ टाकायचे कुठे?" बारव, कृपया लिहा, रोज फोनवर विचारतात.

आणि झोपाळू, माफ करा, राहूनच गेलं. नियम बदलत असतात, वकिलातीच्या संकेतस्थळावर बघूनच तिकिटं काढा. आम्ही तेच केलं.

झोपाळू

धन्यवाद. गुडघ्यांचं काय? चौथ्या देवळाला पायऱ्या किती?

उंडगा (धागाकर्ता)

मोजल्या नाहीत. आई चढली, मग तुम्ही चढाल. पहिल्या देवळावर आता कुणालाच जाऊ देत नाहीत, त्यामुळे तो प्रश्न मिटला. केळी मात्र हातात घेऊन फिरू नका. तिथे पिसोते म्हणून लांब शेपटीचा प्राणी आहे, त्याने बाबांचं केळं नेलं, तेही उताराच्या दिशेनेच.